तीन महिने, सव्वीस दिवस, तीन दिवस



आपल्या या समूहावर बडोद्याच्या वाड्यांच्या, गाण्याच्या मैफलींच्या, खंडेराव मार्केटच्या आठवणी मी नेमाने वाचते. माझ्याकडे सांगायला मोठं घराणं नाही आणि दरबारचा मानकरीही कोणी नाही. तेहेतीस वर्षं मी एक नोकरी केली, त्याबद्दल लिहिते. मी शिकवायची, पण मुलांना नव्हे. लहान मुलांना शिकवणाऱ्या बायकांना शिकवायची. अंगणवाडीच्या बेनना.

लिहायचं निमित्त असं झालं, की गणपतीत धाकट्या जावेची सून म्हणाली, "काकू, तीन वर्षांच्या पोरांना सांभाळायला ट्रेनिंग कशाचं हो? चार गाणी यायला हवीत आणि डबा उघडून देता यायला हवा, बस." मुलगी चांगली आहे, बोलायला मोकळी आहे, राग नाही. पण हेच वाक्य मी साहेबांकडून, सरपंचांकडून, इतकंच काय आमच्याच घरच्यांकडून इतक्या वेळा ऐकलंय, की म्हटलं आता एकदा नीट उत्तर लिहूनच टाकावं. लांबलचक होईल. सवडीने वाचा.

सुरुवात माझ्या आत्यापासून करावी लागेल. आमचं घर दांडिया बाजारात. आत्या वडिलांची थोरली बहीण, विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. आजोबा कडक, पण त्यांना एक अक्कल होती. त्यांनी तिला पोळ्या लाटायला न बसवता १९४८ साली मुंबईला, दादरच्या हिंदू कॉलनीत ताराबाई मोडकांच्या संस्थेत बालशिक्षणाचा अभ्यास करायला धाडलं. एका बडोदेकर मराठी विधवेने मुंबईला जाऊन जे शिकायचं, ते मुळात आलं होतं भावनगरहून, म्हणजे गुजरातेतूनच, ही मला फार गमतीची गोष्ट वाटते.

कारण गिजुभाई बधेका हे भावनगरचे. पेशाने वकील. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्तीचं बालमंदिर काढलं. मुलं त्यांना 'मूछाळी मा' म्हणत, मिशीवाली आई. ताराबाई तेव्हा राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात होत्या, ते सोडून १९२३ मध्ये त्यांना जाऊन मिळाल्या. गिजुभाईंच्या लवकर लक्षात आलं की बालमंदिर काढणं सोपं, त्यात उभं राहणारं माणूस घडवणं अवघड. म्हणून १९२५ साली शिक्षकांसाठी अध्यापन मंदिर सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नूतन बाल शिक्षण संघ. ताराबाईंनी तो सगळा व्यवहार मराठीत आणला. पत्रिका काढली, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभं केलं, आणि मग १९४५ मध्ये शहर सोडून बोर्डीला गेल्या. तिथे वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. आज देशभर, पार ईशान्येकडेसुद्धा, सरकार जो शब्द वापरतं तो बोर्डीच्या अंगणातून आलेला आहे, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं.

आता सयाजीरावांचं नाव घेतल्याशिवाय बडोदेकराचं लिखाण पुरं होत नाही, तर तेही घेऊन टाकते. महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण ती सक्ती सात वर्षांपुढच्या मुलांसाठी. सातच्या आतलं मूल आईच्या पदराचं, असंच तेव्हा धरून चाललं होतं. नंतरही फार काही बदललं नाही.

तर आत्या. दादरहून परत आल्यावर तिने आमच्याच वाड्याच्या ओसरीवर बालवर्ग काढला. अठरा-वीस मुलं. निम्मी मराठी, निम्मी गुजराती, दोन-तीन सिंधी. मीही त्यातलीच. खेळण्यांपेक्षा मला तिच्या वह्या आठवतात. प्रत्येक मुलाची एक वही. रोज दुपारी जेवण झालं की ती एकाच मुलाबद्दल चार ओळी लिहायची. "हुशार", "द्वाड", "आळशी" असले शब्द वहीत चालायचे नाहीत. काय दिसलं, तेवढंच. अमक्याने आज बाटलीचं झाकण उलटं फिरवलं, मग थांबला, मग माझ्याकडे न बघता सुलटं फिरवलं. बास. मी मोठी झाल्यावर विचारलं, हे लिहून होतं काय? म्हणाली, "न लिहिलं तर मला तो मुलगा दिसत नाही, त्याच्याबद्दलचं माझं मतच दिसतं."

पुढे मी युनिव्हर्सिटीत होम सायन्सला गेले. १९४९ साली युनिव्हर्सिटी झाली तेव्हा हंसाबेन मेहता कुलगुरू, आणि होम सायन्स सुरू झालं ते त्यांच्याच काळात. लोक म्हणायचे, मुलींना स्वैपाक शिकवायला युनिव्हर्सिटी कशाला! बालविकास विभागाची स्वतःची चेतन बालवाडी होती. तिथे आम्हाला तासन् तास नुसतं बसून मुलांची निरीक्षणं लिहायला लावत. मैत्रिणी वैतागायच्या. मला मात्र वाटायचं, अरे, हे तर आत्याचंच.

१९८१ मध्ये मला अंगणवाडी प्रशिक्षण केंद्रात नोकरी लागली. केंद्र एका संस्थेचं, पैसा सरकारचा. आयसीडीएस योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली होती. त्यात गुजरातेतलं ठिकाण होतं छोटा उदेपूर, तेव्हा आपल्या वडोदरा जिल्ह्यातच. त्यामुळे आमच्याकडे यायच्या त्या बऱ्याच बायका त्या पट्ट्यातल्या. छोटा उदेपूर, जेतपूर पावी, नसवाडी, संखेडा. (संखेडा म्हटलं की बडोदेकरांना फक्त हिंचका आठवतो.) राठवा समाजातल्या कितीतरी. काही दहावी, काही सातवी, एखादी चौथीच.

तेव्हा प्रशिक्षण तीन महिन्यांचं आणि निवासी होतं. अंगावर पिणारी मुलं घेऊन बायका यायच्या, बरोबर मूल सांभाळायला एखादी सासू नाहीतर पोरसवदा नणंद. वसतिगृहाच्या व्हरांड्यात ओळीने लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या असायच्या. आमचे साहेब एकदा बघायला आले तर म्हणाले, हे काय मॅटर्निटी होम आहे काय? पण खरं सांगू, त्या झोळ्यांनी आमचे अर्धे पाठ घेतले. सहा महिन्यांचं मूल कशाकडे बघतं, नऊ महिन्यांचं वस्तू का फेकतं, हे फळ्यावर लिहून कशाला शिकवायचं? ते समोरच चाललेलं असायचं.

तीन महिन्यांत शिकवायचं काय काय! अंगणवाडीच्या कामात सहा सेवा. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला पुढे पाठवणं, आयांना आहार-आरोग्याची माहिती आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. वजन करून तक्त्यावर टिंब मांडायचं, गावाचा सर्व्हे करायचा, रजिस्टरं भरायची. मुलांना शिकवणं हे या सहांतलं एक, आणि यादीत बहुतेक वेळा शेवटचं. कार्यकर्ती गावी परतली की तिच्या कामातही ते शेवटीच जायचं. कारण आहाराचा हिशेब चुकला तर नोटीस येते. गोष्ट सांगितली नाही तर कोणी विचारत नाही.

मी रुजू झाले तेव्हा केंद्रात 'पाठ' घ्यायची एक पद्धत होती. एक बाई शिक्षिका होणार, बाकीच्या तीस बायका तीन वर्षांची मुलं होणार. तीस मोठ्या बायका मांडी घालून, आवाज बारीक करून, "हा बेन" म्हणत सगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं देताहेत! खरं तीन वर्षांचं मूल कधी असं करेल? ते उठून जातं, मध्येच शू करतं, शेजारच्याला चावतं. मी पहिल्या वर्षीच हट्ट धरून तो प्रकार बंद करवला. केंद्राच्या आवारातच बालवाडी होती, पलीकडच्या वस्तीतली मुलं यायची. सकाळी दोन तास प्रत्येकीने तिथे काम करायचं. दुपारी गोल बसून त्यावरच बोलायचं. आणि आत्याच्या वह्या लावल्या.

वह्या जमायला महिना जायचा. एकीने लिहिलं, "मूल हट्टी आहे." मी म्हटलं, हे तुझं मत झालं, दिसलं काय? मग ती दुसऱ्या दिवशी परत बघून आली. मुलाने डबा उघडला, झाकण लावायला गेला, बसेना, परत उघडला, असं तीन वेळा केलं आणि चौथ्यांदा डबा भिरकावला. आता सांग, हट्टी आहे का? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बेन, एनो हाथ वळतो नथी." त्याचं मनगट वळत नाही. मग काय करायचं? पीठ मळायला द्यायचं, ओला कपडा पिळायला द्यायचा, मक्याचे दाणे सोलायला द्यायचे. हे तिनेच सुचवलं, मी नाही. माझ्या जावेच्या सुनेला मी हेच सांगेन, की हे ट्रेनिंग. "हट्टी" पासून "मनगट वळत नाही" इथवर यायला त्या बाईला पाच आठवडे लागले. मध्ये रोज दुपारी कोणीतरी तिला विचारणारं होतं म्हणून ती आली.

आणखी एक अडचण होती. केंद्राची भाषा गुजराती. बायकांच्या घरची बोली राठवी, आणि त्यांच्या गावच्या मुलांना तर गुजरातीचा गंधही नसायचा. ही गोष्ट आपल्या समूहाला समजावून सांगायला नको. आपण सगळे घरात एक आणि शाळेत एक भाषा घेऊन वाढलेलो. मी पहिलीत गेले तेव्हा बेन म्हणाल्या, "बारी बंध कर." गुजरातीत बारी म्हणजे खिडकी. मी आपली उभी, कोणाची बारी आली आणि ती बंद कशी करायची, या विचारात! वर्ग हसला. ते हसू माझ्या अजून कानात आहे. म्हणून मी बायकांना सांगायची, पहिले सहा महिने मुलांशी घरच्या बोलीतच बोला. वरून सूचना यायची की शुद्ध गुजरातीत बोला. मी त्या सूचनेचा कागद नीट फायलीत लावून ठेवायची आणि वर्गात तेच सांगायची.

सुरुवातीच्या वर्षांत आम्हाला पाठपुराव्याला जाता यायचं. प्रशिक्षण घेऊन गेलेल्या बाईकडे तीन-चार महिन्यांनी जायचं, एक दिवस तिच्याबरोबर काढायचा. प्रतापनगरहून छोट्या गाडीने, पुढे बस, पुढे पाय. अशाच एका फेरीत, छोटा उदेपूरच्या पलीकडच्या एका गावी, मला ती भेटली. नाव नाही लिहीत, तिला आवडायचं नाही.

ती कार्यकर्ती नव्हती, तेडागर होती. महाराष्ट्रात जिला मदतनीस म्हणतात तिला गुजरातेत तेडागर म्हणतात. तेडणं म्हणजे कडेवर घेणं, घरोघरी जाऊन मुलांना घेऊन येणं. राठव्यांची गावं काही आपल्यासारखी एका जागी नसतात. एकेक घर आपापल्या शेतात, टेकडीवर. पंचवीस मुलं गोळा करायला तिला दीड तास लागायचा. मी तिच्याबरोबर निघाले. पहिल्या घरी भिंतीवर पिठोराचे घोडे रंगवलेले. आत न जाता दारातूनच मुलं घोडे मोजायला लागली. पुढे ओढा आला, तिथे मोठे दगड कुठले, चपटे कुठले, कशावर पाय ठेवायचा. महुडा गळायचे दिवस होते. एकाच्या खिशात फुलं, ती दुसऱ्याला वाटायची, सगळ्यांना सारखी पुरतील का? एक मुलगी रुसून मागे राहिली, तर ही तिला न बोलावता तिथेच बसली आणि पायातला काटा काढायचं नाटक करत राहिली. मुलगी आली हळूच काटा बघायला. सगळं राठवीतून, चालता चालता.

अंगणवाडीत पोचलो. कार्यकर्ती, म्हणजे आमच्याच केंद्रातून प्रमाणपत्र घेऊन गेलेली, तिने मुलांना ओळीत बसवलं आणि भिंतीवरचा तक्ता दाखवून गुजरातीत विचारलं, "आ कयो रंग छे?" सगळी गप्प. शिक्षण तर वाटेतच उरकलं होतं.

तेडागरचं शिक्षण सातवी. तिला प्रशिक्षण म्हणून मिळायचे ते मोजके दिवस, त्यातही मुख्य विषय स्वच्छता आणि स्वैपाक. योजना सुरू झाली तेव्हा कार्यकर्तीचं मानधन महिना १०० ते १५० रुपये आणि तेडागरचं ३५. मानधन हं, पगार नाही. सरकारच्या लेखी दोघी स्वयंसेविका. मी तिला आमच्या केंद्रात आठवडाभर बोलावून घेतलं, प्रशिक्षणार्थी म्हणून नव्हे, शिकवायला. लिहिणं तिला जड जायचं, पण रोज दुपारी ती एका मुलाबद्दल बोलायची आणि वर्गातल्या बायका लिहून घ्यायच्या. बोलताना तीही "हट्टी" म्हणायची नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

नव्वदच्या दशकात तिच्या अंगणवाडीतली कार्यकर्ती लग्न होऊन गेली. जागा रिकामी. मी कचेरीत अर्ज लिहिला, की या बाईला घ्या, मी तिची तयारी करून देते. उत्तर आलं, दहावी पाहिजे. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बेन, तुमचं पटतं, पण मी फाइलवर काय लिहू?" चाळिशीजवळ आलेल्या तिने बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं. मी पुस्तकं पुरवली. दोनदा बसली, दोनदा गणितात राहिली. आणि मग त्या जागेवर एकामागून एक तीन मुली आल्या. तिघींची प्रमाणपत्रं आमच्या केंद्राची, त्यावर माझी सही. तिघी काम शिकल्या ते हिच्याकडून. हिने त्यांना मनापासून शिकवलं, त्याबद्दल मला आजही तिचं आश्चर्य वाटतं.

या व्यवस्थेत शिडीच नव्हती, हे माझं दुखणं. चांगलं काम करणारीला वर जायला पायरी नाही, आणि वाईट करणारीला कोणी येऊन दाखवत नाही. वीस-पंचवीस अंगणवाड्यांमागे एक मुख्य सेविका. ती महिन्यातून एकदा आली तरी पुष्कळ. येऊन बघायची काय? हजेरी, धान्याचा साठा, वजनाचं रजिस्टर. बिचारीला वर त्याचाच जाब द्यायचा असायचा. मुलांशी बोलणं कसं चाललंय हे बघायला तिला कधी कोणी शिकवलं होतं?

मग दिवस कापायला सुरुवात झाली. तीन महिन्यांचे सव्वीस दिवस झाले. दर दोन वर्षांनी पाच दिवसांची उजळणी. माझ्या सहकारी बाई म्हणाल्या, "सव्वीस दिवसांत दहावीचं पोरगं सायकल शिकत नाही." पाठपुराव्याचं प्रवासभाड्याचं खातं एक वर्षी गुपचूप बंद झालं, ते कायमचं. झोळ्याही गेल्या, बायका सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ लागल्या. घरच्या सोयीचं होतं ते, नाही म्हणत नाही. पण रात्री जेवल्यावर व्हरांड्यात ज्या गप्पा व्हायच्या, "माझ्याकडे एक मूल आहे, ते बोलतच नाही" अशा, त्या गेल्या. मी २०१४ ला निवृत्त झाले. आमचं केंद्रही नंतर बंद झालं.

मी जुन्या काळाचेच गोडवे गाते आहे असं समजू नका. २०१८ च्या पोषण अभियानात एक कल्पना आली, एकवीस विषय घ्यायचे आणि दर महिन्याला जवळच्याच बैठकीत त्यातला एक शिकायचा, गावी जाऊन करायचा, पुढच्या महिन्यात येऊन सांगायचं. मला ती कल्पना अगदी पटली होती. थोडं शिका, करा, परत या. गिजुभाईंनाही आवडली असती. पण माझ्या जुन्या बायका सांगतात, आमच्याकडे ती बैठक हळूहळू आकडे गोळा करायची झाली. २०२१ पासून पोषण ट्रॅकर आला, तेव्हापासून तर सगळं लक्ष फोनमध्ये. नव्या शिक्षण धोरणात, २०२० च्या, लिहिलंय की बारावी झालेल्या अंगणवाडी कार्यकर्तीला सहा महिन्यांचा आणि कमी शिकलेलीला एक वर्षाचा अभ्यासक्रम द्यायचा, टीव्हीवरून, फोनवरून, आणि महिन्यातून एकदा समोरासमोर वर्ग. कमी शिकलेलीसाठीही वाट ठेवली, हे वाचून मला आधी तेडागरच आठवली. २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' आलं. रोज दोन तास मुलांच्या शिक्षणाला द्यायचे आणि त्यासाठी कार्यकर्तीला तीन दिवसांचं प्रशिक्षण. 'आधारशिला' म्हणून तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यासक्रम काढला आहे, तो मी वाचला. चांगला आहे. घरच्या भाषेवर भर आहे, खेळावर भर आहे. पण तीन दिवस! तीन महिन्यांत जिला पाच आठवडे लागले होते, तिचं तीन दिवसांत काय होईल?

शहरातही वेगळं नाही, उलट तिथे तीन दिवससुद्धा नाहीत. माझ्या मुलीच्या ओळखीतल्या एकीचं वासणा रोडवर पाळणाघर आहे. दुपारी दीडनंतर शाळा सुटलेली मुलं येतात, पहिली ते पाचवी, सातपर्यंत राहतात. फी भक्कम. सांभाळणाऱ्या मुली कॉलेजातल्या, सहा महिन्यांत बदलतात. दमून आलेल्या सात वर्षांच्या मुलाचं काय करायचं असतं हे त्यांना कोणीच सांगितलेलं नाही. मग गृहपाठ आणि टीव्ही. ताराबाई आणि अनुताई वाघ कोसबाडला गेल्या तेव्हा गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली होती, कुरणशाळा. मूल जिथे, ज्या अवस्थेत आहे, तिथे जायचं. हे वासणा रोडला सांगायला मी एकदा गेले होते. चहा छान मिळाला.

२५ एप्रिल २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. दाहोदच्या बायकांचा खटला होता. अंगणवाडीच्या कार्यकर्ती आणि तेडागर दोघींना १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, असं कोर्टाने म्हटलं. पेपर हातात होता तशीच मी तेडागरला फोन लावला. माझ्याच आगेमागे तीही निवृत्त झालेली. तिला ग्रॅच्युइटी हा शब्द समजावून सांगायला वेळ लागला. मग म्हणाली, "पण बेन, आम्ही तर सेवा करत होतो ना? कागदावर तसंच लिहून घेतलं होतं." मी म्हटलं, आता कोर्ट म्हणतंय ती नोकरी होती. ती हसली. अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरला, तिच्या नातवाच्या फोनवरून कागद पाठवले. नोकरीच्या वर्षांचा दाखला मागितला आहे, आणि जुनी रजिस्टरं सापडत नाहीत असं कचेरी म्हणते. माझ्याकडे पाठपुराव्याच्या माझ्या डायऱ्या आहेत. त्यात तारखेनिशी तिचं नाव आहे, तीन वेगवेगळ्या वर्षांत. त्या नोंदींच्या झेरॉक्स साक्षांकित करून पाठवल्या आहेत.

आणि हो, एक राहिलं. गेली दोन वर्षं बोडेलीला, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी, महिन्यातून एका रविवारी आम्ही बसतो. आठ-नऊ कार्यकर्ती, तीन तेडागर. भाडं ज्याचं त्याने. प्रमाणपत्र नाही, फोटो नाही, कोणाला कळवलेलंही नाही. प्रत्येकीने एका मुलाबद्दल काय दिसलं ते सांगायचं. मागच्या वेळी एका तेविशीच्या कार्यकर्तीने एक मुलगी सांगितली. चार वर्षांची, घरी बोलते, अंगणवाडीत अक्षर काढत नाही, पण रोज खिचडीच्या ताटल्या ती मोजून मांडते आणि एकही चुकत नाही. कोणी म्हणालं लाजाळू आहे, कोणी म्हणालं कान तपासा. आमची म्हातारी तेडागर कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिने एकच विचारलं, "तिला घ्यायला घरी कोण जातं?" त्या कार्यकर्तीला माहीत नव्हतं. आता ती महिनाभर स्वतः जाऊन बघणार आहे. पुढच्या महिन्यात तिकडे मका काढायचा असतो, म्हणून बैठक तिसऱ्या रविवारी ठेवली आहे.